दूरदेशीचे सण : गिरमिट्यांचे ताबूत आणि कोकण्यांचा गणपती

सण हा मूळचा घराचा असतो. पंचांगात त्याची तिथी छापलेली असली, तरी प्रत्यक्षात तो उभा राहतो तो घरातल्या व गावातल्या माणसांच्या हातांनी. गौरी आणावयास माहेरवाशीण लागते, नैवेद्यास चूल लागते, पूजेस भटजी व देवळास गुरव लागतो. ईदेच्या शेवयांना आईचा हात लागतो, आणि मोहरमचे पंजे बसवावयास गावचा मुजावर व मानकरी लागतात. असे असता ज्याच्यापाशी घर नाही, गाव नाही, आणि ज्याची एक दिवसाची रजाही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने सण कसा करावा? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने एकदा मोठ्या प्रमाणावर दिलेले आहे. त्या उत्तरात आपल्या कोकणच्या माणसांचाही वाटा आहे, म्हणूनच या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

बोटीवर चढलेली माणसे

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून नेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात लागले, आणि पुढील ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत त्या एका बेटावर जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर उतरले. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादला पोचले. १९१७ पर्यंत तेथे सुमारे १,४४,००० लोक गेले. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात १८६० ते १९११ या काळात १,५२,१८४ माणसे नेण्यात आली. करारास इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणत. त्याचे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले, आणि गिरमिटावर गेलेला तो गिरमिट्या ठरला.

यांतील बहुसंख्य माणसे कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेली. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बंदरातूनही मॉरिशसकडे जहाजे जात होती, आणि त्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ मंडळी होती. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग त्या काळी त्याच जिल्ह्यात मोडत असे. खाचरात पिकणारा भात वर्षाला पुरत नव्हता. मुंबईस जावे तसे काहीजण ‘मिरीच देशास’ गेले. मॉरिशसला आपल्याकडील मजूर ‘मिरीच’ म्हणत.

हे सारे करार सामान्यतः पाच वर्षांचे असत. जाणाऱ्यांत स्त्रिया थोड्या होत्या. पुढे दर शंभर पुरुषांमागे किमान चाळीस स्त्रिया पाठवाव्यात असा दंडक सरकारला घालावा लागला, यावरूनच स्थिती काय होती ते दिसते. म्हणजे बहुतेक पुरुष एकटे होते. मायबाप, भावबंद, कुलदैवत, गावदेव सर्व मागे राहिले होते. जहाजावर जातींच्या पंगती निरनिराळ्या राखणे शक्य नव्हते. तीन-तीन महिने एका बोटीत काढलेली माणसे एकमेकांस ‘जहाजी भाई’ म्हणू लागली, आणि हे नाते इतके पक्के मानले गेले की कित्येक ठिकाणी जहाजी भावांच्या मुलांमुलींची सोयरीक निषिद्ध समजत. रक्ताचे नाते जेथे उरले नाही तेथे समुद्राचे नाते निर्माण झाले. आणि ज्याला नाते निर्माण करता आले त्याला सणही निर्माण करता येतो.

सुटीची किंमत

परंतु सणाला आधी सुटी लागते. मॉरिशसच्या मळ्यांवर ‘डबल कट’ नावाची एक पद्धत होती. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापावयाचा. तुटपुंज्या पगाराच्या माणसाने गणेशचतुर्थी पाळावयाचे ठरविले तर तीस किती किंमत पडत होती, याचा वाचकांनीच हिशेब करावा. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही आपले छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. शेजारच्या मळ्यावरील गाववाल्यास भेटावयास निघालेला माणूस ‘भटक्या’ म्हणून पकडला जाई. या जुलमाविरुद्ध आदोल्फ द प्लेवित्झ याने १८७१ मध्ये मजुरांचा अर्ज तयार करून दिला, आणि त्यानंतर शाही चौकशी आयोग नेमला गेला.

अशा स्थितीत वर्षातील दहा-बारा सण पाळणे अशक्यच होते. मळेवाले फार तर एखाद्या मोठ्या सणास रजा देत. आणि हा मोठा सण त्रिनिदादमध्ये, नाताळात, फिजीत सर्वत्र एकच ठरला. तो दिवाळी नव्हता, होळी नव्हता; तो मोहरम होता. मजुरांत हिंदूंची संख्या फार मोठी होती हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

आमच्या मते याची कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. हिंदूंचे बहुतेक सण कुटुंबाचे आहेत. त्यांना देवघर, चूल, सुवासिनी आणि पुरोहित पाहिजे. ताबुतास यांतले काही लागत नाही. बांबूच्या कांबी, रंगीत कागद, खळ, थोडी वर्गणी, ताशे, आणि दहा रात्री जागावयास तयार असलेले तरुण एवढे असले की ताबूत उभा राहतो. बराकीत राहणाऱ्या एकट्या पुरुषांपाशी नेमके एवढेच होते. दुसरे असे की, तो शोकाचा विधी आहे. करबलाच्या वाळवंटात इसवी सन ६८० मध्ये घरापासून दूर, पाण्यावाचून पडलेल्या हुसेनांची कथा समजावयास गिरमिट्याला मौलवीची गरज नव्हती. आणि शेवटी ताबूत पाण्यात विसर्जन करावयाचा असतो. मूर्ती घडवून, पुजून, वाजतगाजत नेऊन पाण्यास अर्पण करणे ही रीत हिंदू मजुराच्या अंगवळणी पडलेलीच होती.

शिवाय ही भागीदारी त्यांनी मायदेशीच शिकली होती. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावच्या माणसास हे सांगावयास नको. नालसाहेबांपुढे नवस बोलून दहा दिवस ‘फकीर’ होणारे कुणबी-मराठे, अलाव्याभोवती खेळणारी पोरे, वाघाची सोंगे, घरोघर होणारे चोंगे व मलीदा, सवारीच्या पायांवर पाणी घालणाऱ्या आयाबाया हे दृश्य देशावर व कोकणात सर्वत्र होते. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंचच उंच ताबूत हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे मानकरी मिळून आजही उभारतात. तेव्हा गिरमिट्यांनी समुद्रापलीकडे जाऊन नवीन काही केले असे नव्हे. जे गावचे होते ते त्यांनी बरोबर नेले, आणि घराची जागा त्याने भरून काढली.

ताशांचा आवाज आणि गोळीबार

त्रिनिदादमध्ये या सणाला ‘होसे’ म्हणतात. हुसेन या नामाचाच तो अपभ्रंश आहे. प्रत्येक मळ्याचा आपला ताबूत असे. दहाव्या दिवशी साऱ्या मळ्यांचे ताबूत रस्त्याने निघत व शहरातून समुद्राकडे जात. पुढे कोणाचा ताबूत असावा यावरून मळ्यामळ्यांत मारामाऱ्याही होत. मानपानाचे भांडण आपल्या लोकांनी बोटीतून उतरताना मागे टाकले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. वाद्ये वाजविणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे लोकही मिसळू लागले होते. तेथे त्या वाद्यास आजही ‘तासा’ म्हणतात. आपल्या मिरवणुकीतील ताशाचाच हा सखा भाऊ होय.

मजुरांचे दोन निरनिराळे गट एका ढोलावर एकत्र येतात हे वसाहतीच्या सरकारला रुचले नाही. १८८१ मध्ये आफ्रिकी लोकांच्या कार्निव्हलवरून दंगा झाला होताच. साखरेचे भाव उतरले होते, मळ्यांवर असंतोष होता. १८८४ च्या जुलै अखेरीस हुकूम निघाला की होसेच्या मिरवणुकांनी पोर्ट ऑफ स्पेन व सान फर्नांदो या शहरांत शिरू नये. मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. त्या अर्जाचा पुढारी सुकू नावाचा एक हिंदू होता, ही गोष्ट आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४ हा मोहरमचा दहावा दिवस. मळ्यांवरून ताबूत नेहमीप्रमाणे सान फर्नांदोकडे निघाले. शहराच्या वेशीवर सशस्त्र पोलीस उभे होते. दंगलीचा कायदा वाचून दाखविण्यात आला आणि त्यानंतर गोळ्या झाडण्यात आल्या. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत सोळा ते बावीस असा मिळतो. जखमी शंभराहून अधिक होते. पडलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते. जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांनी चौकशी केली आणि अधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली.

मागितलेले ते काय होते? वाढीव पगार नव्हे, मळ्याची मालकी नव्हे. नेहमीच्या रस्त्याने समुद्रापर्यंत जाऊ द्यावे एवढेच. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या माणसाचा सण हा केवळ करमणुकीचा विषय नसतो. वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस जो नुसता एक हजेरीचा क्रमांक असतो, तो त्या दिवशी स्वतःच्या नावाने व स्वतःच्या माणसांत रस्त्यावरून चालतो. सत्तेला जे बोचले ते हेच असावे.

नाताळची कथा : एकाचे दोन झाले

नाताळात डर्बनच्या गोऱ्यांनी मोहरमला ‘कुली ख्रिसमस’ असे तुच्छतेचे नाव ठेविले होते. मळ्यांवरून मजूर रजा घेऊन येत, ताबूत उमगेनी नदीवर नेत. येथेही बहुसंख्य मजूर हिंदू होते, आणि कित्येक वर्षे तोच त्यांचा सर्वांत मोठा सार्वजनिक सण राहिला.

पुढे चित्र बदलले. स्वामी शंकरानंद हे धर्मप्रचारक १९०८ मध्ये तेथे गेले. हिंदूंनी ताबुतांत भाग घेऊ नये, आपली दिवाळी पाळावी व तिच्यासाठी रजा मागावी, असा उपदेश त्यांनी केला. दिवाळीस मान्यता मिळविण्याची खटपट योग्यच होती, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. ज्यांनी आयुष्यभर परक्या मुलुखात राबावे त्यांना आपला दीपोत्सव का मिळू नये? परंतु एक सण मिळविताना दुसऱ्यातून पाय काढून घेतला गेला, आणि जो ढोल दोघांचा होता तो एकाचा झाला.

हीच कथा आपल्या मुंबई-पुण्यातही घडली होती. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, पुण्यातही उत्सवास सार्वजनिक रूप आले, आणि १८९४ मध्ये पुण्याच्या हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर ताबुतांतून अंग काढून घेतले. सार्वजनिक गणेशोत्सवाचे उपकार थोर आहेत. त्याने चाळीतील एकट्या चाकरमान्यास घर दिले, सभा दिली, वाचा दिली. तरीपण मेळे, मिरवणूक, दहाव्या दिवसाचे विसर्जन या धाटणीत जुन्या ताबुतांची सावली दिसते असे अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि ते मान्य करण्यात आपणांस कमीपणा वाटण्याचे कारण नाही. जे एकत्र वाढले त्यांच्या चेहऱ्यांत साम्य असावयाचेच.

मॉरिशसचा कोकणी गणपती

आता आपल्या माणसांकडे वळू. मॉरिशसमध्ये गेलेले मराठी लोक इतर मजुरांच्या मानाने थोडे होते. पोर्ट लुईच्या मोहरमात, ज्यास तेथे ‘यामसे’ किंवा ‘घून’ म्हणत, खलाशी व मजूर मिसळत असत. परंतु मराठी मंडळींनी आपला गणपती सोडला नाही. त्या बेटावरील पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा या गावी भिवाजी घराण्याने केला, असे तेथे सांगितले जाते. पुढे कास्कावेल, व्हाकोआ इत्यादी ठिकाणी तो वाढला. मूर्ती नदीस किंवा समुद्रास मिळू लागली.

त्या उत्सवातील एक गोष्ट कोकणच्या वाचकाच्या काळजास भिडल्यावाचून राहणार नाही. मॉरिशसचे मराठी लोक गणपतीपुढे एक नाच करतात व त्यास ‘झाकरी’ म्हणतात. गौरी-गणपतीत आपल्याकडे फेर धरून होणारी जाखडी ती हीच. पिढ्या गेल्या, घरातील बोली क्रेओल झाली, गावाचे नाव कित्येकांच्या स्मरणातून पुसले, पण पायांनी फेर विसरला नाही. हा नाच ज्यांनी नेला ते शिकलेसवरलेले नव्हते, त्यांच्यापाशी पोथी नव्हती. शरीर हीच त्यांची पोथी होती.

असेच उत्तर भारतीय बांधवांनी केले. १८९८ मध्ये झुम्मन गिरी गोसावी व त्यांच्या सोबत्यांनी बेटाच्या मध्यभागी असलेल्या ग्रां बासँ या तळ्याची महाशिवरात्रीची यात्रा सुरू केली. १९७२ मध्ये त्यात गंगेचे पाणी ओतण्यात आले व ते ‘गंगा तलाव’ झाले. गंगा दूर होती, म्हणून त्यांनी तळ्याला गंगा केले. आज स्वतंत्र मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थी, महाशिवरात्र, दिवाळी आणि ईद-उल-फित्र या चारही दिवशी सार्वजनिक सुटी असते. त्रिनिदादनेही १९६६ पासून दिवाळी व ईद या दोहोंना सुटी दिली. ज्या मुलुखांत एका दिवसाच्या सणापायी दोन दिवसांचा पगार जात असे, वा वेशीवर गोळी लागत असे, त्या मुलुखांत ही सुटी दोन्ही धर्मांच्या मजुरांनी मिळून कमावलेली आहे.

मुंबईच्या गाळ्यातून पाहता

मॉरिशस दूर राहिले; आपल्या ज्ञातीच्या बहुसंख्य घरांतील कर्ता पुरुष गेला तो मुंबईस. १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, आणि पुढे शंभर वर्षे परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने निजले, खाणावळीत जेवले. त्याच काळी गोदीत व जहाजांवर रत्नागिरीचे कोकणी मुसलमान खलाशी होते. दोघांची गावे एकाच खाडीच्या काठची, दोघांच्या मनीऑर्डरी एकाच पोस्टमनच्या थैलीतून जावयाच्या. गणपतीस, शिमग्यास व ईदेस घर गाठण्याची ओढ दोघांसही सारखीच. आगबोटी गेल्या, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही गेल्या. ओढ मात्र गेली नाही.

आपल्यासारखी ज्ञातिमंडळे व गावमंडळे याच गाळ्यांतून जन्मास आली हे आपण विसरतो. गावच्या देवळासाठी वर्गणी काढणे, आजाऱ्यास बोटीवर बसवून देणे, मेलेल्यास खांदा देणे, आणि ज्याला सणास घरी जाता आले नाही त्याला आपल्यात ओढून घेणे, हीच त्यांची मूळ कामे. म्हणून ज्ञातिमंडळ हे आमच्या मते जहाजी भाईपणाचेच धाकटे भावंड आहे. जहाजी भाऊ जात विचारून झालेला नव्हता, एवढे मात्र आम्ही आमच्या बांधवांस नम्रपणे सुचवू इच्छितो.

आज आपली मुले दुबई, मस्कत, सिंगापूर, अमेरिका अशा ठिकाणी नोकरीस आहेत. त्यांना डबल कट नाही, परवान्याची सक्तीही तशी नाही. परंतु चतुर्थीच्या दिवशी सकाळी परक्या शहरात एकटे उठण्याचे दुःख तेच आहे, आणि ईदेच्या सकाळी शेजारच्या खोलीतील मुसलमान सहकाऱ्याचेही दुःख तेच आहे. भाद्रपद व मोहरम हे दोन्ही चंद्राचे महिने. अधिक मासामुळे ते एकमेकांपासून सरकतात व सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात. २०१८, २०१९ व २०२० या तीन वर्षी गणपतीच्या दहा दिवसांतच मोहरमचा दहावा दिवस आला होता. आकाशातील हिशेब जेव्हा दोघांस एका आठवड्यात आणतो, तेव्हा गिरमिट्यांनी काय केले असते याचा विचार आपण अवश्य करावा.

शेवटी एक कामाची सूचना. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या मजुरांची दफ्तरे जपून ठेविली आहेत. त्यांत माणसाचे नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा व गाव लिहिलेले असते. बंदरावरील कारकुनाच्या कानाने जसे ऐकले तसे. आपल्या घराण्यांत ‘एक चुलत पणजोबा मिरीचला गेले ते परत आले नाहीत’ अशी वाक्ये अजून ऐकू येतात. ज्या घरांत अशी आठवण असेल त्यांनी नाव, गाव व अंदाजे साल लिहून मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या नावांची यादी छापता आली, तर जे सणास परत आले नाहीत त्यांस आपल्या पंक्तीत पुन्हा एक पाट मांडल्यासारखे होईल.